‘तू नुसते ओठ हलव’

(पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.)

कोल्हापुरातल्या, तिशीतल्या एका वाचक बाईंचं पत्र आहे. त्या संगीत विशारद आहेत आणि गेल्या जूनपासून घराच्या पुढच्या सोप्यात लहान मुलांचा गाण्याचा क्लास घेतात. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेपाच ते सात. मुलं चौदा, वयं पाच ते नऊ. मुलं एका जागी बसत नाहीत, कोणीतरी पेटीचा भाता ओढत असतं, अलंकार (स्वरांचे ठरावीक पाठ) सुरू केले की दोन मिनिटांत त्याची किंचाळाकिंचाळी होते. बाई ज्यांच्याकडे शिकल्या ते गुरुजी कडक. चुकलं की पेटी मिटून उठून जायचे. “आम्ही त्या धाकातच घडलो,” असं त्या लिहितात. सासूबाईंचं म्हणणं, “तू लई मऊ हाईस, म्हणून पोरं डोक्यावर बसत्यात.” निम्म्या पालकांना परीक्षा हवी, निम्म्यांना गॅदरिंगचं गाणं.

गणेशोत्सवात गल्लीतल्या मंडळापुढे त्यांनी मुलांचं गाणं बसवलं. सहा वर्षांचा एक मुलगा सुरात लागत नव्हता, बाकीची हसत होती. तालमीत बाईंनी त्याला जवळ घेऊन हळूच सांगितलं, “तू नुसते ओठ हलव.” कार्यक्रम छान झाला. मुलगा त्यानंतर क्लासला आलेला नाही. घरीसुद्धा गुणगुणायचा थांबलाय, असं त्याची आई सांगते. बाई विचारतात, “मी कडक होऊ, की लहान मुलांना शिकवायचा माझा पिंडच नाही असं समजून क्लास बंद करू?”

ताई,

तुमच्या चार पानी पत्रातली साडेतीन पानं शिस्तीवर आहेत. त्या मुलाबद्दल सात ओळी आहेत, त्याही शेवटच्या पानाच्या तळाशी, अक्षर बारीक करून लिहिलेल्या. मी त्या सात ओळींपासूनच सुरुवात करते, कारण पत्र त्यांच्यासाठीच लिहिलंय असं मला वाटतं.

आमच्या भजनी मंडळात एक बाई येतात. पन्नाशी कधीच उलटली. टाळ सुरेख धरतात, एकही एकादशी चुकवत नाहीत. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होते तरी माझ्या लक्षात आलं नाही. एकदा वीज गेली, पेटीवाले थांबले, सगळे जरा हळू गायला लागले, तेव्हा कळलं की शेजारून आवाजच येत नाही. ओठ मात्र शब्दाला शब्द हलतायत. मी विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, “शाळेत बाईंनी सांगितलं होतं, तू मागं उभी रहा आणि नुसतं तोंड हलव. मग तीच सवय लागली.” दुसरीत होत्या त्या तेव्हा.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. मीही शाळेत गाणं शिकवलंय आणि पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी एका मुलीला जवळपास हेच वाक्य सांगितलंय. त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. पोरीची फजिती टळली, समूहगीत वाचलं. ती मुलगी पुढे गायली की नाही हे मला माहीत नाही, आणि ते मी विचारलंही नाही. तुम्ही निदान विचारलंत.

तेव्हा कडक की मऊ हा वाद थोडा वेळ बाजूला ठेवू. त्या मुलाला तुम्ही रागावला नव्हता. जवळ घेऊन, हळूच, प्रेमानं सांगितलंत. तरीही तो गप्प झाला. म्हणजे सासूबाई म्हणतात तो मऊपणा तुमच्याकडे त्या दिवशीही होता आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. मुलाला आवाजाच्या पट्टीपेक्षा त्यातला निरोप आधी ऐकू येतो. तुझा आवाज इथं नको आहे, हा तो निरोप होता.

आता पहिला प्रश्न. तो मुलगा खरंच बेसूर होता का?

तुम्ही लिहिलंय की क्लासमध्ये तुम्ही पेटीवर काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून, गाता. साहजिक आहे, बायकांना सोयीची पट्टी ती. पण जरा पेटीपुढे बसून बघा. तुमचा काळी चारचा षड्ज, म्हणजे सा, पाच-सहा वर्षांच्या पोरासाठी फार खाली आहे. या वयाच्या बहुतेक मुलांना मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून) वरचे पाच-सहा स्वर सोपे जातात. तुमच्या सा वर ती एक तर घशात घोगरं काहीतरी करतात, नाहीतर थेट वरच्या काळी चारला उडी मारतात. तिथून पंचम, म्हणजे प, गाठायचा तर ओरडण्यावाचून दुसरा मार्ग नाही. तुमची ‘अलंकार सुरू केले की किंचाळाकिंचाळी’ ती हीच असणार. ती बेशिस्त समजून तुम्ही दोन महिने रागावत होता, आणि पोरं बिचारी तुमचा पंचम शोधत होती.

पुढच्या तासाला तानपुऱ्याचं ॲप पांढरी दोनवर लावा. तुमच्या हिशेबानं मुलांचा षड्ज तुमच्या तीव्र मध्यमावर येईल आणि त्यांच्या धैवतापर्यंत जायला तुम्हाला तार सप्तकातल्या कोमल गंधारापर्यंत चढावं लागेल. विशारद झालेल्या गळ्याला ते जड नाही. वरचा सा सध्या कुणाकडूनच काढून घेऊ नका. सा रे ग प ध एवढे भूप रागाचे पाच स्वर पहिले सहा महिने पुरतात. अर्ध्या स्वराचं अंतर त्यांत कुठंच नाही, त्यामुळे जवळजवळच्या दोन स्वरांत घसरायला जागाच कमी. हंगेरीतले संगीतकार झोल्तान कोडाय यांच्या नावानं मुलांना गाणं शिकवण्याची जी पद्धत जगभर चालते तीही अशाच पाच स्वरांनी सुरू होते, आणि त्यातही आधी येतात ते आपल्या भाषेत प आणि ग. आपल्याला हंगेरीला जायची गरज नाही म्हणा. खाली खेळणाऱ्या पोराला गॅलरीतून हाक मारणारी आई ऐका. नावाचं पहिलं अक्षर वर, दुसरं लांबवलेलं आणि थोडं खाली. बहुतेक वेळा ते प-गच असतं.

दुसरं म्हणजे पेटी. चौदा मुलांच्या आवाजावर मात करायला तुम्ही भाता जोरात मारता, पेटीवर मात करायला मुलं ओरडतात, आणि या भांडणात स्वतःचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. ज्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही तो सुधारणार कसा? एक स्वर दाखवा, हात उचला, मग मुलांनी नुसत्या तानपुऱ्यावर गायचं. पहिले दोन तास भकास वाटेल. नंतर मुलं आपोआप हळू गायला लागतील, कारण ऐकायला काहीतरी असेल.

आणि जो लागत नाही त्याचं काय? इथं आपण सगळे एकच चूक करतो. आपला सा धरून बसतो आणि “इथं ये, इथं ये” म्हणत पोराला ओढतो. उलटं करून बघा. त्याला म्हणा, तुला आवडेल तो आवाज काढ. तो जो स्वर काढेल तो पेटीवर शोधा आणि त्यावर तुम्ही जा. त्याच्याच सुरात त्याच्याबरोबर ‘आ’ लावा. दोन आवाज मिळाले की काय होतं हे मुलाला कानानं नव्हे, छातीत कळतं. अनेकांना ते आयुष्यात पहिल्यांदाच कळत असतं. मग तिथून एक पट्टी वर सरका आणि तो येतो का बघा. आला तर आणखी एक. नाही आला तर परत त्याच्याकडे जा. तीन मिनिटांचं काम आहे, पण ते सगळ्यांदेखत परीक्षेसारखं करू नका. बाकीची मुलं ठेका चालत असताना कोपऱ्यात करा.

ज्यांचा आवाज एकाच स्वरावर चिकटलेला असतो त्यांना आधी तो वरखाली हलतो हेच माहीत नसतं. पन्हाळ्याचा घाट चढणारी एसटी काढायला सांगा. गिअर बदलतो, आवाज चढतो, वळणावर बसतो, परत चढतो. सगळी चौदा काढतील आणि कुणीही बेसूर ठरणार नाही, कारण एसटीचा सूर कुणालाच माहीत नाही. (एखादं मूल सारखं “काय?” विचारत असेल किंवा त्याचा आवाज आठवडेच्या आठवडे बसलेला असेल, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला आईला सांगा. ते गाण्याच्या बाईंचं काम नाही.)

आता तुमच्या गुरुजींकडे येते. “आम्ही त्या धाकातच घडलो.” ताई, तुमच्याबरोबर त्या क्लासला किती जण होते आणि विशारदपर्यंत किती पोचले? जे पोचले ते धाकामुळे, की धाक सोसूनही? मला उत्तर माहीत नाही, तुम्हाला असेल. जे मधेच गेले ते पत्र लिहायला उरत नाहीत, एवढंच.

आपल्या गावाला गाण्याच्या शिस्तीचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँसाहेब होते, जयपूर-अत्रौली गायकी इथं रुजली, देवल क्लबच्या मैफिली ऐकत तुम्ही वाढलात असं लिहिलंयत. पण त्या तालमीत बसणारे कोण होते ते बघा. गायिका केसरबाई केरकर खाँसाहेबांकडे रीतसर शिकायला लागल्या तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. आपण काय मागायला आलोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शाळेचं दप्तर टाकून, चहात बिस्कीट बुडवून साडेपाचला तुमच्या सोप्यात आलेल्या सहा वर्षांच्या पोरानं काहीच मागितलेलं नाही. त्याला आईनं पाठवलंय. त्या तालमीतली शिस्त उचलून इकडे लावली की तिचा धाक तेवढा येतो, गाणं मागंच राहतं.

त्याच खाँसाहेबांची दुसरी गोष्ट मात्र जरूर उचला. ऐन उमेदीत, फार गाण्यानं त्यांचा आवाज गेला. बराच काळ गाणं थांबलं. परत आला तो आवाज पहिल्यासारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला काय झेपेल, कसं शोभेल हे शोधत त्यांनी जी गायकी बांधली ती आज आपण डोक्यावर घेतो. ऐन त्या दिवसांत त्यांना कुणी नुसते ओठ हलवायला सांगितलं असतं तर, असं माझ्या मनात येऊन जातं. असो.

शिस्त नको असं मी अजिबात म्हणत नाही. चौदा पोरं आणि एक सोपा म्हटल्यावर शिस्त लागणारच. फक्त ती ओरडून आणायची की तासाच्या बांधणीतून, एवढाच प्रश्न. दीड तास फार होतो. मोठ्यांनाही होतो. चौदाच्या दोन तुकड्या करा. पाच ते सात वयाची पाऊण तास, मोठी त्यानंतर पाऊण तास. तुमचा वेळ तेवढाच जाईल. पहिलं मूल उंबऱ्यात यायच्या आधी तानपुरा सुरू असू दे. आवाज चालू असलेल्या खोलीत मूल वेगळं शिरतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. चपला काढताना बोलणारं पोर सतरंजीवर येईपर्यंत निम्म्या आवाजात येतं. पेटी मध्ये नको, भिंतीकडे असू दे, म्हणजे भाता ओढायला जायला मुद्दाम उठावं लागेल.

हजेरी गाऊन घ्या. हे एवढं एक केलंत आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल. मुलाचं नाव तुम्ही प-ग वर म्हणायचं, त्यानं ‘आलो’ किंवा ‘आले’ तसंच गाऊन उत्तर द्यायचं. मुलागणिक चार सेकंद. कुणाला शाबासकी नाही, कुणाला दुरुस्ती नाही, थेट पुढचं नाव. दर तासाला प्रत्येक मुलाचा एकट्याचा आवाज खोलीत ऐकू येतो आणि त्यावर काहीही होत नाही. न होणं हेच महत्त्वाचं. महिन्याभरात एकट्यानं गाण्याची भीती कुठं गेली ते कुणाला कळणारही नाही. आणि तुम्हाला कुणाला वेगळं गायला न लावता कळेल की कोण कुठल्या स्वरावर आहे.

मग लगेच उठवा. बसून दहा मिनिटं झाली की या वयाचं अंग बंड करतं. दादरा, म्हणजे सहा मात्रांचा ताल, चालायला लावा. धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेला टाळी, चौथ्या मात्रेला, म्हणजे ‘खाली’ला, हात हवेत मोकळा. ही ‘खाली’ म्हणजे काय हे मी पुस्तकातून शिकले आणि कितीतरी वर्षांनी मला ती अंगात जाणवली. पोरांना पहिल्या दिवशी जाणवते, कारण हात हवेत जातो आणि वाजत नाही. आपल्याकडच्या पोरांच्या पायात लेझीम आणि हलगी असतेच, तिला विरोध करण्यापेक्षा कामाला लावा. सवाल-जवाबाचं गाणंही शिकवावं लागत नाही. जोतिबाच्या यात्रेला गेलेलं पोर “जोतिबाच्या नावानं” ऐकलं की “चांगभलं” देणारच. तोच सांधा स्वरांना लावा. तुम्ही चार स्वर म्हणा, त्यांनी शेवटचे दोन परत द्यायचे. हादग्याची गाणी काढा, त्यांचा पल्ला चार-पाच स्वरांचा असतो, आज्ज्या येऊन शब्द सुधारून देतील. त्याही येऊ देत.

हसण्याचा प्रश्न राहतो. “हसायचं नाही” असा नियम केला की हसू दाबलं जातं आणि खांदे हलतात, ते जास्त लागतं. माझा एक जुना खेळ सांगते. दर तासाला तुम्ही स्वतः एकदा मुद्दाम चुकायचं. भूपात नसलेला मध्यम (म) हळूच घालायचा किंवा सहा मात्रांत सातवी. ज्याला कळेल त्यानं हात वर करायचा. पहिल्यांदा कुणालाच कळणार नाही. आठवड्याभरात सगळी डोळे बारीक करून तुमची चूक पकडायला टपलेली असतील. बाई चुकतात, बाईंची चूक शोधायला मजा येते, बाई हसतात आणि परत गातात. यानंतर पोराच्या चुकीवर हसण्यातला दम जातो. आणि ज्या मुलीचा गळा गोड आहे, जिला तुम्ही सारखं पुढं उभी करता, तिला जरा श्वास घेऊ द्या. तिच्यावरही ओझं आहे, फक्त ते तिला अजून आवडतंय.

पालकांचं थोडक्यात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चांगल्या आहेत, त्यातली पहिली, ‘प्रारंभिक’, कुठं पळून जात नाही. ज्याला स्वतःहून चार सरगमगीतं म्हणावीशी वाटतात त्याला बसवा, चौदाच्या चौदा नकोत. गॅदरिंगचं गाणं हवं असणाऱ्यांना सांगा की महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं तुम्ही या. खुर्च्या ठेवू नका. सतरंजीवर मुलांच्या मागं बसवा आणि त्यांनाही गायला लावा. ज्या बापाला स्वतःला षड्ज लावताना घाम फुटला, तो घरी जाऊन “तू का चुकलीस” हे विचारत नाही. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकेकट्या मुलाचे व्हिडिओ टाकणं मात्र आजपासून बंद. तिथं तुलना सुरू होते आणि ती थांबवायला तुम्ही घराघरांत नसता.

क्लास बंद करायचा का? पिंडाचं मला काही कळत नाही. चार पानं लिहिणारी बाई कंटाळलेली नाही, एवढं कळतं. तरी स्वतःला दिवाळीनंतरचे तीन महिने द्या, दोन तुकड्या आणि पांढरी दोन करून बघा. त्यानंतरही साडेपाच वाजले की पोटात गोळा येत असेल, तर मोठ्यांना शिकवा, त्यात कमीपणा काही नाही.

त्या मुलाच्या घरी मात्र या आठवड्यात जा. फोन नको, आईमार्फत निरोपही नको. तो दारात खेळत असेल तर तिथंच, त्याच्या उंचीला बसून सांगा, “त्या दिवशी मी तुला ओठ हलव म्हटलं ना, ते माझं चुकलं. मी पेटी चुकीच्या पट्टीत लावली होती.” हे खरंच आहे, त्यामुळे सांगताना अडखळणार नाही. त्याच्याकडून काही वदवून घेऊ नका, “येशील ना?” असंही नको. आईपुढं त्याचं कौतुक नको. तो बहुधा काहीच बोलणार नाही आणि पळून जाईल. निघताना जमलं तर त्याची एसटी ऐकून या, नाहीतर तुमची ऐकवून या.

तो आला, कदाचित पुढच्या गुरुवारी, कदाचित दत्तजयंती उलटून गेल्यावर, तर हजेरीत त्याचं नाव पहिलं घेऊ नका. शेवटचंही नको. मधे कुठंतरी घ्या, प-ग वर, आणि उत्तर आलं नाही तरी चार सेकंद थांबून पुढचं नाव घ्या.